बाटल्या हलवू नका

औषधांच्या त्या कंपनीत एक बाई औषध बनवायची आणि दुसरी ते तपासायची, आणि दोघी एकाच घरात राहणाऱ्या नणंद-भावजय होत्या. हा काही योगायोग नव्हता. भावजय आधी नोकरीला लागली होती. तपासणीत जागा निघाली तेव्हा तिनंच नवऱ्याच्या धाकट्या बहिणीचं नाव सुचवलं, आणि आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला असं ती पुढे अधूनमधून म्हणत असे. घरातली हाक कंपनीत पोचायला वेळ लागला नाही. शिपायापासून मोठ्या मॅडमपर्यंत सगळे एकीला वहिनी आणि दुसरीला वन्सं म्हणू लागले. निवृत्तीला आलेले हिशेबनीससुद्धा नणंदेला वन्सं म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

वहिनी दाणे बनवत. अंगात गेलं की हळूहळू आपोआप झिजून नाहीसं होणारं एक पॉलिमर असतं. ते चटकन उडून जाणाऱ्या द्रावणात विरघळवायचं, त्यात औषध मिसळायचं आणि ते सगळं गरगर फिरणाऱ्या साबणी पाण्यात बारीक धारेनं सोडायचं. द्रावण उडून जातं आणि मागे उरतात ते दाणे. नुसत्या डोळ्यांना ती पांढरी पूड दिसते, पण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा असा गोल की वहिनींनी तो स्वतः बसून वळला असावा. औषध होतं फिट येणाऱ्या माणसांसाठी. या लोकांना रोज गोळी घ्यावी लागते, आणि एखाद्या दिवशी विसरली की जिना उतरताना किंवा रस्ता ओलांडताना कोसळायची वेळ येते. त्याऐवजी महिन्यातून एकदा दंडात सुई टोचायची, दाणे तिथे बसून झिजत राहतील आणि औषध रोज थोडं थोडं सुटत राहील, असा सगळा बेत होता. या बेतापायी वहिनींनी तीन वर्षं घातली होती. आपल्या दाण्यांना कुणी नावं ठेवलेली त्यांना मुळीच खपत नसे.

आणि नावं ठेवणं हे तर वन्संचं कामच होतं. त्यांच्या खोलीत एक ऊबदार कपाट होतं, माणसाच्या अंगाइतकं गरम. त्यातल्या फळ्या दिवसरात्र मागेपुढे झुलत, म्हणून सगळे त्याला पाळणा म्हणत. दाणे खारट पाण्याच्या बाटल्यांत घालायचे, बाटल्या पाळण्यात ठेवायच्या, मधूनमधून वरचं पाणी काढून त्यात किती औषध सुटलं ते मोजायचं आणि बाटलीत नवं पाणी भरायचं, असं महिनाभर चाले. वन्संचं मत असं की दाण्यांइतकी लहरी जात दुसरी नाही. पाणी जरा आंबट झालं की ते वेगळे वागतात, कपाट जरा तापलं की वेगळे, पाळणा हळू झाला की आणखी वेगळे. दाणा कसा आहे हे दाण्याला विचारून उपयोग नाही, तो कुठल्या घरात नांदतोय ते आधी बघा, असं त्या म्हणत. वहिनींना हा टोमणा वाटे, आणि थोडासा तो असायचाही.

पहिली तपासणी मात्र दृष्ट लागावी अशी झाली. औषध महिनाभर सारखं सुटलं, कागदावर रेघ काढली तर पट्टी लावून काढल्यासारखी सरळ आली. मोठ्या मॅडमनी वहिनींना सगळ्यांसमोर डोक्यावर घेतलं. आता नियमाप्रमाणे नव्या घाण्याचे दाणे घेऊन तीच तपासणी पुन्हा करायची, रेघ जुळली की वरच्या मंडळींची सोमवारची बैठक, आणि मग इंजेक्शन पहिल्यांदा खऱ्या माणसांना द्यायचं. फिट येणारे काही लोक स्वतःहून तयार झाले होते. वहिनींना ती माणसं माहीत नव्हती, पण स्वप्नात ती दिसू लागली होती आणि सगळी जिना उतरत होती.

घोडं अडलं ते मधल्याच एका गोष्टीवरून. वहिनींच्या काही जास्तीच्या बाटल्या पाळण्याच्या खालच्या कप्प्यात होत्या. जागा हवी म्हणून वन्संनी त्या उचलून वरच्या कप्प्यात ठेवल्या. वरचा कप्पा थोडा जास्त गरम असतो. तेवढ्यानं पॉलिमर मऊ पडलं आणि औषध भराभर सुटलं. वहिनी भर बैठकीत म्हणाल्या की लोकांना जागच्या वस्तू उचलून भलतीकडे ठेवायची फार हौस. वन्संनीही शब्द खाली पडू दिला नाही. दाणे पक्के असते तर एवढ्याशा उबेनं घायकुतीला आले नसते, असं त्यांनी ऐकवलं. वहिनींनी मग पाळण्याच्या वेगावर घसरून, तो धसमुसळा पाळणा आपले दाणे काचेवर आपटून फोडतो, हेही सांगून टाकलं. बैठक संपली आणि अबोला सुरू झाला.

अबोल्याचा सगळा भार पडला दादांवर. दादा म्हणजे वहिनींचे यजमान आणि वन्संचे थोरले भाऊ. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि पाळणा, पॉलिमर यांच्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. पण जेवायला तिघं एकाच टेबलाशी बसत, आणि मीठ वन्संच्या हाताशी असलं की वहिनी दादांना सांगत, दादा बहिणीला सांगत, आणि मीठ दादांच्या ताटावरून प्रवास करत वहिनींकडे येई. दादांना हे काम आवडायला लागलं होतं, असा वहिनींना संशय होता.

नवा घाणा तपासणीला जायच्या आदल्या दिवशी वन्सं लवकर जेवून वर आपल्या खोलीत गेल्या. वहिनींनी भांडी आवरता आवरता दादांना निरोप दिला. उद्या माझे दाणे येतायत. बाटल्या खालच्याच कप्प्यात राहू देत, महिना संपेपर्यंत तिथून हलवू नका म्हणावं. दादा जिना चढत असताना एका गिऱ्हाइकाचा फोन आला. नव्या चष्म्यातून पायऱ्या वाकड्या दिसतात अशी त्याची तक्रार होती. त्याची समजूत काढेपर्यंत निरोपातला कप्प्याचा भाग गळून पडला आणि उरला तो दादांनी दारातूनच पोचवला.

"बाटल्या हलवू नकोस म्हणतेय तुझी वहिनी."

आता आपल्या भाषेत सामान हलवतात आणि औषधाची बाटलीही हलवतात, दोन्हीला शब्द एकच. पाळणा धसमुसळा आहे हे वन्संनी चारचौघांत ऐकून घेतलं होतं. तेव्हा हे त्याच्याच पुढचं असणार, हे त्यांनी ताडलं. वहिनींना आता न हलवता तपासणी हवी आहे तर तशी करू. बोलणं असतं तर त्यांनी एका वाक्यात विचारून घेतलं असतं. पण आधी आपण कशाला तोंड उघडायचं, या विचारानं त्या मूग गिळून बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाटल्या खालच्या कप्प्यात नीट मांडल्या, कपाटाची ऊब चालू ठेवली आणि पाळण्याचं बटण बंद केलं.

बनवणाऱ्यानं तपासणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही आणि महिना संपेपर्यंत आकडे कुणाला दाखवायचे नाहीत, असा कंपनीचा कडक नियम होता, म्हणून वहिनींना यातलं काहीच कळलं नाही. तो महिना त्यांचा मजेत गेला. त्यांनी सोमवारच्या बैठकीसाठी नवीन सँडल घेतल्या आणि त्या घरात घालून चालून बघितल्या.

महिना संपला तसं मोठ्या मॅडमनी दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एकावर ती पट्टीनं काढल्यासारखी रेघ. दुसऱ्यावरची रेघ आधी बरेच दिवस जमिनीला पाठ टेकून पडली होती, आणि तिसऱ्या आठवड्यात अचानक भिंतीसारखी उभी राहिली होती. म्हणजे औषध सुरुवातीला जवळपास सुटलंच नव्हतं, आणि मग उरलेलं सगळं एकदम बाहेर पडलं होतं. वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. मॅडमनी शांतपणे विचारलं की घाण्यात काय बिघडलं. वहिनी म्हणाल्या, काही नाही. त्यांनी तिथल्या तिथे घाण्यातले राखून ठेवलेले दाणे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. सगळे गोल, सगळे एका मापाचे, नाव ठेवायला जागा नाही. मग त्यांनी बाटल्या बघायला मागितल्या, आणि नियम आजच्यापुरता बाजूला ठेवून मॅडमनी त्या आणवल्या.

प्रत्येक बाटलीच्या तळाशी दाण्यांची एक वडी बसली होती. एकमेकांना चिकटलेले, दबलेले, मधले तर पार विरघळून गेलेले. वहिनींना एका नजरेत उमगलं. दाणे झिजताना थोडं आम्ल सोडतात. बाटली झुलत असली की ते पाण्यात पसरून जातं. इथे ते वडीच्या पोटात कोंडून राहिलं, त्यानं दाण्यांना आतून पोखरलं, आणि एक दिवस सगळी वडी फुटली. मॅडम फोन घ्यायला बाहेर गेल्या तेवढ्यात अबोला संपला.

वहिनींनी विचारलं की पाळणा बंद होता का. वन्सं म्हणाल्या, होता, तुम्हीच सांगितलंत. वहिनी म्हणाल्या, मी जागेवरून हलवू नका म्हटलं होतं. वन्संनी दादांचा निरोप जसाच्या तसा म्हणून दाखवला. दोघींना एकाच वेळी कळलं की दादांनी काय केलं, आणि एरवी दोघी हसल्या असत्या. पण वहिनींची तीन वर्षं त्या वडीत अडकली होती. त्यांचा तिळपापड झाला. दाण्यांची तपासणी हलवल्याशिवाय करतं का कोणी, एवढी वर्षं काम करून हे विचारावंसं वाटलं नाही का, असं त्या बोलत गेल्या. वन्संचा चेहरा उतरला होता. तरी हरायचं कसं म्हणून त्यांनी हाताशी आलं ते फेकलं.

"मला वाटलं, तुम्हाला माणसासारखं हवंय. सुई टोचल्यावर माणसाच्या दंडात काय पाळणा लावलेला असतो?"

वहिनी उत्तर द्यायला निघाल्या आणि त्यांची नजर पुन्हा बाटलीतल्या वडीवर गेली. मॅडम परत आल्या. त्यांना वहिनींनी एवढंच सांगितलं की तपासणीत पाळणा बंद राहिला होता. मॅडमचा जीव भांड्यात पडला. मग सोपंच झालं, त्या म्हणाल्या. सोमवारी सांगू की दुसरी तपासणी चुकीची झाली, ती रद्द. पहिली रेघ आहेच, फेरतपासणी मागाहून होत राहील, लोकांना इंजेक्शन द्यायचं ठरल्या वेळी सुरू करू. वन्संच्या नावानं एक ताकीद निघेल, तिचं फारसं मनावर घेऊ नये. वन्संनी मान हलवली. वहिनींनी एक बाटली उचलून उजेडात धरली.

संध्याकाळी वहिनी घरी न जाता दादांच्या दुकानात गेल्या. दादा एका आजोबांचे डोळे तपासत होते. एक भिंग लावायचे, मग दुसरं, आणि विचारायचे, हे बरं की हे. आजोबांना दोन्ही बरी वाटत होती. ते गेल्यावर वहिनींनी सगळी हकिगत सांगितली. दादांना आधी वाईट वाटलं, मग त्यांनी बचावाला सुरुवात केली की निरोप शब्दाला शब्द असाच होता, फक्त थोडा आटोपशीर केला. वहिनींना हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. दादांनी घाईनं दुकानाचं दार लोटून घेतलं.

वहिनींनी मग मनातलं सगळं बोलून टाकलं. पाळण्यात दाणे सुटे राहतात, म्हणून शहाण्यासारखे वागतात. पण दंडात टोचले की ते एकाच जागी गोळा होऊन बसणार, अगदी त्या वडीसारखे. तिथे पाणी खेळत नाही, कुणी झुलवत नाही. दादांनी विचारलं की मग तिसऱ्या आठवड्यात माणसाचं काय होईल. वहिनी म्हणाल्या, आधीचे दिवस औषध पुरणार नाही, फिट येतील. मग एके दिवशी कित्येक दिवसांचं औषध एकदम रक्तात जाईल आणि माणूस उठणारच नाही, असंही होईल. दंडात थोडी हालचाल असते, रक्त खेळतं, तिथे कदाचित इतकं वाईट होणारही नाही. हे ‘कदाचित’ त्यांना सोडत नव्हतं. दादांनी बायकोचा चष्मा काढून घेतला, काचा पुसल्या आणि परत तिच्या नाकावर ठेवला.

रविवारी वन्सं वरून खाली आल्या. वहिनी बैठकीची साडी इस्त्री करत होत्या. वन्सं दाराशीच उभ्या राहून म्हणाल्या की उद्या खुशाल माझी चूक झाली म्हणून सांगा, मी त्यात एक शब्द मधे घालणार नाही. तुमच्या तीन वर्षांपुढे माझी एक ताकीद म्हणजे काय मोठंसं. वहिनींनी भांडणाची तयारी करून ठेवली होती, आणि हा चांगुलपणा त्यांना भांडणापेक्षा जड गेला. खरं तर त्यांना हेच ऐकायचं होतं. चूक तपासणीचीच होती, कागदोपत्री त्यात खोट नव्हती. गप्प बसायचं एवढंच त्यांना करायचं होतं, आणि गप्प बसायचा सराव तर दोघींना महिनाभर झालेला होता. इस्त्री एका जागी जास्त वेळ टेकली आणि पदराला पिवळा डाग पडला. साडी बदलावी लागली.

सोमवारी लांब टेबलाच्या टोकाशी वरची मंडळी बसली होती. मोठ्या मॅडमनी पहिली रेघ दाखवली, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी ओघात सांगितलं की दुसऱ्या तपासणीत तांत्रिक चूक झाली, ती विचारात घ्यायची नाही. वन्सं मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होत्या. वहिनी उठून उभ्या राहिल्या. नव्या सँडल चावत होत्या, आणि आपण काय करायला निघालोय याचा त्यांना मनापासून राग येत होता.

त्यांनी दुसरा कागद पुढे ओढला आणि सांगितलं की ही रेघ टाकून देता येणार नाही. पाळणा चुकून बंद राहिला हे खरं, पण माणसाचं अंग पाळण्यासारखं कमी आणि या बंद कपाटासारखं जास्त आहे. मंडळींपैकी एकानं जरा वैतागून विचारलं, म्हणजे दाणे वाईट आहेत का. वहिनी म्हणाल्या, दाणे चांगले आहेत, पण एकमेकांना चिकटून बसायची वेळ आली की ते कसे वागतात हे मी कधी बघितलंच नव्हतं. मोठ्या मॅडम त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी सरळच विचारलं की वहिनी, तुमचं नक्की म्हणणं काय आहे.

"माझं इंजेक्शन अजून माणसाला द्यायच्या लायकीचं नाही," वहिनी म्हणाल्या.

हे वाक्य त्यांच्या दाण्यांबद्दल दुसऱ्या कुणी उच्चारलं असतं तर त्यांनी त्याची खैर ठेवली नसती. खोलीत सगळे एकदम बोलू लागले. तारखा पुढे गेल्या, तयार झालेल्या लोकांना कळवायचं ठरलं, कुणी तरी खर्चाच्या नावानं उसासा टाकला. शेवटी मॅडमनी निर्णय सांगितला. काम बंद होणार नाही, पण पहिल्यापासून करायचं. प्रत्येक घाणा पाळण्यातही तपासायचा आणि स्थिरही तपासायचा. आंबट पाण्यात, थंडीत, उबेत, जितक्या घरांत तो नांदेल तितक्या घरांत. या सगळ्या तपासण्या वन्सं ठरवतील, आणि वन्संची सही झाल्याशिवाय वहिनींचा एकही दाणा खोलीबाहेर जाणार नाही. ताकीद अर्थातच रद्द. वन्संनी चकित होऊन वर पाहिलं. नणंदेला आपल्या डोक्यावर बसवायचं काम वहिनींनी स्वतःच्या तोंडानं, भर बैठकीत पार पाडलं होतं.

बाहेर येऊन जिन्याशी पोचेपर्यंत वहिनींनी धीर धरला. मग त्या वरच्या पायरीवर मटकन बसल्या आणि सँडल काढून बाजूला ठेवल्या. वन्सं मागोमाग आल्या आणि शेजारी टेकल्या. वहिनींचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

"तीन वर्षं गेली हो, वन्सं."

वन्संनी तसं नाहीच म्हणून समजूत काढली नाही, पाठीवर हात फिरवला नाही.

"वर्षंच गेली, वहिनी. माणूस नाही गेलं कुणाचं."

वहिनींनी नाक पुसलं, सँडल हातात घेतल्या आणि अनवाणीच आपल्या खोलीकडे निघाल्या. दुपारपर्यंत त्यांनी नवा घाणा लावला.